बदलाची दोरी कोणाच्या हाती?

ला मॉन्टे यंग, टेरी रायली, स्टीव्ह राइश आणि फिलिप ग्लास ही चार अमेरिकी रचनाकारांची नावे पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात नेहमी एका दमात घेतली जातात. चौघांचा जन्म १९३५ चा जून ते १९३७ चा जानेवारी या दीड-पावणेदोन वर्षांतला. चौघेही १९६० च्या दशकात पुढे आले आणि चौघांच्याही संगीताला ‘मिनिमल’ हे नाव चिकटले. मोजके स्वर घ्यायचे, एखादी छोटी ओळ पुन्हा पुन्हा वाजवायची आणि ऐकणाऱ्याला गुंगवून टाकायचे, असे या संगीताचे वर्णन सर्रास केले जाते. हे वर्णन अपुरे आहे आणि दिशाभूल करणारेही आहे. यंगच्या सुरुवातीच्या रचनांत ओळच नाही, मग ती पुन्हा वाजणार कुठून? रायलीच्या रचनेत पुनरावृत्ती किती करायची हे कागदावर लिहिलेलेच नाही. राइशच्या रचनेत एकच ओळ शेकडो वेळा येते, पण दोनदा तशीच ऐकू येत नाही. ग्लासची ओळ तर येता येता लांबत आणि आखूड होत असते. पुनरावृत्ती हे या संगीताचे बाहेरून दिसणारे रूप आहे. खरी तुलना करायची तर प्रश्न वेगळा विचारायला हवा: संगीतात इतके कमी घडत असताना जो थोडासा बदल होतो, तो कोण ठरवतो? या एका प्रश्नाला चौघांनी चार निरनिराळी उत्तरे दिली आणि त्यांच्या संगीतातला सारा फरक त्या उत्तरांतून आला, असे माझे म्हणणे आहे.

हा प्रश्न उभा राहिला त्या काळाची थोडी ओळख करून घेऊ. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात पिएर बुलेझ, कार्लहाइन्झ स्टॉकहाउझन यांच्या पिढीने संगीतरचना कठोर नियमांत बांधली. सप्तकातल्या बाराही स्वरांचा एक क्रम आधी ठरवायचा आणि त्या क्रमाच्या उलटसुलट मांडणीतून रचना उभी करायची. पुढे स्वरांची लांबी आणि जोरही अशाच क्रमात बसवायचा. अमेरिकेत जॉन केजने दुसरे टोक गाठले आणि नाणी उडवून मिळालेल्या कौलावर स्वर ठरवले. एकीकडे पराकोटीची शिस्त, दुसरीकडे निव्वळ योगायोग, आणि तरी दोन्हींचा श्रोत्याला येणारा अनुभव बराचसा सारखा, कारण रचना ज्या नियमाने घडली तो नियम कानाला कळत नाही. अमेरिकी विद्यापीठांत आणि संगीतशाळांत हीच भाषा प्रतिष्ठेची होती. आमच्या चौघांनी ती शिकून घेतली आणि मग सोडली. यंगची वाट तर त्याच भाषेच्या पोटातून निघाली. १९५८ सालची त्याची ‘ट्रायो फॉर स्ट्रिंग्ज’ ही तीन तंतुवाद्यांची रचना बारा स्वरांच्या क्रमावरच बांधलेली आहे. फरक एवढाच की त्याने एकेक स्वर इतका लांबवला की क्रम मागे पडला आणि स्वर पुढे आला. एक वाद्य सूर धरते, बऱ्याच वेळाने दुसरे येऊन मिळते, मग तिसरे, आणि मग एकेक जण गळत जातो.

तिथून यंगने उरलेसुरलेही काढून टाकले. १९६० मधल्या त्याच्या एका रचनेत दोनच स्वर आहेत, त्यांच्यातले नाते षड्ज-पंचमाचे, आणि सूचना एवढीच की ते दीर्घकाळ धरून ठेवावेत. कागदावर पाहिले तर ही थट्टा वाटेल. वाजवून पाहिले तर तसे वाटत नाही. स्थिर धरलेल्या सुरात पहिल्या मिनिटाला जे ऐकू येते ते दहाव्या मिनिटाला येत नाही. मूळ सुराच्या वरचे अंशस्वर हळूहळू कानाला सापडू लागतात, ते एकमेकांत मिसळतात, पुढेमागे होतात. तानपुऱ्याच्या खर्जातून निघणारा स्वयंभू गंधार ज्याने एकदा ऐकला आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. न्यूयॉर्कच्या चर्च स्ट्रीटवर १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘ड्रीम हाउस’ या यंग आणि त्याची पत्नी मारियन झझीला यांच्या ध्वनी-प्रकाश दालनात विद्युत् यंत्रांतून निघणारे सूर अखंड चालू असतात. श्रोता एका जागी बसला तर एक स्वरमेळ ऐकू येतो, डोके जरा हलवले की दुसरा. सूर जसेच्या तसे असतात. खोलीतल्या ध्वनिलहरींच्या रचनेमुळे प्रत्येक जागी त्यांचे मिश्रण वेगळे होते. यंगने बदलाची दोरी ध्वनीच्या निसर्गधर्माकडे आणि श्रोत्याच्या कानाकडे सोपवली. रचनाकाराचे काम एकच उरले: सूर नेमका लावणे. म्हणून तर स्वरांतरांबद्दल तो इतका काटेकोर. १९६४ मध्ये सुरू केलेल्या ‘द वेल-ट्यून्ड पियानो’ या पाच-सहा तास चालणाऱ्या रचनेसाठी त्याने पियानो मुळापासून वेगळा जुळवला. नेहमीच्या पियानोत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. यंगने ते टाकून २, ३ आणि ७ या अंकांतून तयार होणारी गुणोत्तरेच घेतली आणि ५ चा अंक मुद्दाम वगळला. आपला गोड शुद्ध गंधार ५ आणि ४ च्या गुणोत्तरातला, म्हणजे मराठी कानाला सगळ्यात आपला वाटणारा स्वरच या पियानोत नाही. त्याच्या जागी जे ऐकू येते ते सुरुवातीला परके आणि किंचित टोचरे वाटते, पण तासाभरात त्या पियानोचा स्वतःचा एक गाव वसतो. स्वरांचा असा गणिती शोध सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच घेतला होता. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातून श्रुती तपासून त्यांनी १९१० मध्ये पुस्तक काढले. यंगला देवल ठाऊक असतील असे मी म्हणत नाही. सूर म्हणजे गुणोत्तर, हे कानाने तपासून पाहण्याची ओढ दोन्हीकडे सारखी होती, एवढेच.

टेरी रायली यंगचा बर्कलीतला सहाध्यायी आणि जन्मभराचा मित्र. पण त्याने दोरी वादकांच्या हाती दिली. १९६४ ची त्याची ‘इन सी’ एका पानावर मावते. त्या पानावर ५३ लहान लहान स्वरवाक्ये आहेत. काही एका-दोन स्वरांची, काही बरीच लांब. वाद्ये कोणतीही, वादक कितीही. प्रत्येकाने पहिल्या वाक्यापासून सुरुवात करायची, ते हवे तितक्या वेळा वाजवायचे, मन भरले की पुढच्यावर जायचे. मध्ये थांबून ऐकायलाही मुभा आहे. बंधन एकच महत्त्वाचे: सगळ्यांच्या फार पुढे पळायचे नाही आणि फार मागे रेंगाळायचे नाही, दोन-तीन वाक्यांच्या अंतरात राहायचे. वारीतली दिंडी अशीच चालते. कोणी चार पावले पुढे, कोणी मागे, पाय ज्याचा त्याचा, पण टाळांच्या ऐकण्याबाहेर कोणी जात नाही. सॅन फ्रान्सिस्कोत ४ नोव्हेंबर १९६४ रोजी ही रचना पहिल्यांदा वाजली तेव्हा वादकांत स्टीव्ह राइश होता, आणि तालमीत सगळे विस्कळीत होऊ लागल्यावर वरच्या षड्जाचा एक सलग ठेका कोणीतरी धरून ठेवावा ही सूचना त्याचीच. तो ठेका आता रचनेची ओळख झाला आहे. ‘इन सी’चा प्रयोग पाऊण तासात आटोपतो किंवा दीड तास चालतो. शांघायच्या वादकांनी ती पारंपरिक चिनी वाद्यांवर वाजवली आहे, मालीतल्या वादकांनी त्यांच्या वाद्यांवर. एकाही ध्वनिमुद्रणाला अधिकृत म्हणता येत नाही, आणि तरी कोणतीही दोन मिनिटे ऐकली की रचना ओळखू येते. मला रायलीचे हे यश फार मोठे वाटते. त्याने वादकांना मोकळे सोडले आणि त्या मोकळेपणातून गोंधळ होऊ दिला नाही. यासाठी त्याने ती ५३ वाक्ये किती विचाराने निवडली हे पाहावे: शेजारची कोणतीही दोन-तीन वाक्ये एकमेकांवर पडली तरी कानाला बोचत नाहीत, आणि पुढे जाता जाता एखादा नवा स्वर असा येतो की सगळ्या समूहाचा रंग पालटतो.

राइशला मात्र वादकाची मोकळीक नको होती. त्याची वाट एका यंत्राच्या दोषातून निघाली. १९६४ मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये प्रलयाची कथा सांगणाऱ्या एका कृष्णवर्णीय धर्मोपदेशकाचे बोलणे टेपवर घेतले होते. त्यातला एक छोटा तुकडा दोन टेपरेकॉर्डरवर एकाच वेळी फिरवताना त्याच्या ध्यानात आले की दोन्ही यंत्रांचा वेग केसभर वेगळा आहे. एक आवाज हळूहळू दुसऱ्याच्या पुढे सरकतो, शब्दांची अक्षरे एकमेकांवर आदळतात, आणि बोलण्यातून कोणीही न लिहिलेला ताल आणि सूर बाहेर येतो. १९६७ च्या ‘पियानो फेज’मध्ये त्याने हेच दोन पियानोवादकांकडून करवून घेतले. बारा स्वरांची एक ओळ दोघे एकत्र वाजवतात. पहिला वेग सोडत नाही. दुसरा अगदी किंचित वेग वाढवतो, काही काळ सगळे धूसर होते, आणि मग तो नेमका एक स्वर पुढे जाऊन स्थिरावतो. असे बारा वेळा झाले की दोघे पुन्हा एकत्र येतात. पाच वर्षांनी लिहिलेल्या ‘क्लॅपिंग म्युझिक’ला तर वाद्यच लागत नाही. बारा मात्रांचे आवर्तन: तीन टाळ्या आणि एक मात्रा रिकामी, दोन टाळ्या आणि एक रिकामी, एक टाळी आणि एक रिकामी, दोन टाळ्या आणि एक रिकामी. एक जण हे शेवटपर्यंत बदलत नाही. दुसरा ठरावीक आवर्तनांनंतर तीच ओळ एका मात्रेने पुढे सरकवतो. घरात कोणी सोबतीला असेल तर करून पाहा. दुसऱ्या-तिसऱ्यांदा सरकवतानाच आपल्या हातावरचा विश्वास डळमळतो, कारण कान दोन ओळी वेगळ्या ऐकायला तयार होत नाही, तो त्यांच्यातून तिसरीच ओळ तयार करतो. राइशने १९६८ मध्ये एक छोटा लेख लिहून आपली भूमिका स्पष्ट केली: रचनेची प्रक्रिया आणि ऐकू येणारे संगीत एकच असले पाहिजे, पडद्याआड काही लपवायचे नाही. प्रक्रिया एकदा सुरू केली की ती आपली आपण पुरी होते. म्हणजे दोरी ना वादकाच्या हाती, ना सुरू झाल्यावर रचनाकाराच्या. ती नियमाच्या हाती. बुलेझच्या पिढीशी त्याचे भांडण नियमाबद्दल नव्हते, नियम ऐकू येत नाही याबद्दल होते.

फिलिप ग्लासची गोष्ट आपल्याला जवळची, कारण ती एका मुंबईकर तबलजीपर्यंत येते. पॅरिसमध्ये नादिया बुलांझे यांच्याकडे शिकत असताना त्याला एका चित्रपटासाठी रविशंकरांचे संगीत पाश्चात्त्य लिपीत लिहून देण्याचे काम मिळाले. बाल्टिमोरमध्ये रेकॉर्डच्या दुकानदाराच्या घरी वाढलेला आणि न्यूयॉर्कच्या जुलियार्डमधून शिकून आलेला हा तरुण या कामात अडखळला. त्याने लिहिलेले वाजले की आघात चुकीच्या जागी पडत. अल्ला रखा खाँसाहेब सोबतीला होते. ग्लासच्या सांगण्याप्रमाणे, सगळे स्वर सारख्या वजनाचे आहेत हे ते त्याला वारंवार बजावत होते. अखेर ग्लासने कागदावरच्या मात्रा विभागणाऱ्या उभ्या रेघा पुसून टाकल्या आणि समोर सारख्या स्वरांची अखंड धार उरली. तिच्यात दोन-दोन, तीन-तीनचे गट आपोआप दिसू लागले. या अनुभवातून त्याची बेरजेची पद्धत निघाली. १९६८ ची ‘टू पेजेस’ पाच स्वरांच्या एका ओळीवर उभी आहे. आधी पाच स्वर. मग पाच आणि त्यांतले पहिले चार. मग पाच, चार, तीन. मग पाच, चार, तीन, दोन. प्रत्येक टप्पा कितीतरी वेळा वाजतो, नंतर गणित उलटे फिरते. आपल्या तालशास्त्रात उतरत्या मांडणीला गोपुच्छा यती म्हणतात. तिचे नाव ठाऊक नसलेल्या माणसाने न्यूयॉर्कमध्ये त्याच आकृतीवर अख्खी रचना उभी केली. या रचनेचे मूळ नाव ‘स्टीव्ह राइशसाठी दोन पाने’ अशा अर्थाचे होते. पुढे दोघांची मने दुरावली आणि नावातून मित्र गळाला. दोघे एकमेकांच्या वाद्यवृंदांत वाजवत होते, पोटासाठी सामान हलवण्याची कामे एकत्र करत होते, तरी त्यांची रीत सारखी नव्हती. राइशची प्रक्रिया सलग आणि आपोआप चालते. ग्लासच्या रचनेत पुढचा टप्पा किती लांब, किती वेळा आणि केव्हा, हे ग्लास ठरवतो. चौघांमध्ये बदलाची दोरी स्वतःच्या मुठीत ठेवणारा तोच एक, आणि म्हणूनच नाटकाकडे वळलाही तोच.

इथे एक आक्षेप येतो आणि मराठी वाचकाच्या मनात तो सगळ्यात आधी येणे स्वाभाविक आहे: हे सगळे आपल्याकडूनच तर उचललेले आहे. एकच आधारस्वर, सावकाश बढत, आवर्तनांचा हिशेब. शिवाय पुरावाही भक्कम दिसतो. लाहोरमध्ये जन्मलेले पंडित प्राणनाथ हे किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य, म्हणजे हिराबाई बडोदेकरांचे गुरुबंधू. १९७० मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि यंग, झझीला व रायली यांनी त्यांचे रीतसर शिष्यत्व पत्करले. रायली त्याच वर्षी गुरूसोबत भारतात आला आणि पुढे प्राणनाथांच्या मृत्यूपर्यंत, १९९६ पर्यंत, त्यांना तानपुऱ्यावर व तबल्यावर साथ करत राहिला. हे ऋण चौघांपैकी कोणी लपवलेले नाही. तरी ‘उचलले’ हा शब्द तारखांपुढे टिकत नाही. यंगची ‘ट्रायो’ १९५८ ची, ‘इन सी’ १९६४ ची; प्राणनाथ भेटले ते नंतर. यंगने त्याआधी अली अकबर खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकली होती आणि तिचा परिणाम तो मान्य करतो, पण लहानपणी विजेच्या तारांची आणि वाऱ्याची घुमणारी धून ऐकल्याचेही तो तितक्याच निष्ठेने सांगतो. जॉन कोल्ट्रेनच्या जॅझमधला एका स्वरसमूहावर चाललेला दीर्घ विस्तार आणि टेपरेकॉर्डर या दोन गोष्टींचा वाटाही मोठा आहे. राइशने तर भारतीय संगीताची वाट घेतलीच नाही. १९७० मध्ये तो घानाला जाऊन एवे लोकांचे ढोलवादन शिकला आणि परतल्यावर त्याने ‘ड्रमिंग’ लिहिले. ग्लासने अल्ला रखांकडून जे घेतले ते अर्धेच होते. बेरीज त्याला सापडली, पण बेरजेला जागेवर आणणारी सम त्याच्या सुरुवातीच्या संगीतात नाही. तबलजीचा कितीही गुंतागुंतीचा हिशेब समेवर येऊन सुटतो. ‘टू पेजेस’ कुठेही सुटत नाही, ती थांबते. आणि मुख्य म्हणजे ख्यालात बदलाची दोरी गायकाच्या हाती असते, त्या क्षणी, त्या मैफलीत. विलंबित ख्याल आणि ‘पियानो फेज’ दोन्ही सावकाश उलगडतात, पण एकात गायकाच्या बुद्धीला पुरेपूर वाव आहे आणि दुसऱ्यात जाणूनबुजून तिला सुट्टी दिली आहे. वरून सारखे दिसणारे हे दोन प्रकार या मुद्द्यावर एकमेकांच्या विरुद्ध टोकाला उभे आहेत. घराण्याचा खरा वारसा रायलीच्या नंतरच्या गाण्यात आणि वादनात आहे, ‘इन सी’त नाही.

दुसरा आक्षेप कंटाळ्याचा, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. जानेवारी १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये राइशची ‘फोर ऑर्गन्स’ वाजली. एकच कॉर्ड, चार ऑर्गनवर हळूहळू लांबत जाणारी, मागे खुळखुळ्यासारख्या माराकसचा न थांबणारा ठोका. नेहमीच्या सिम्फनीला येणाऱ्या श्रोत्यांनी आरडाओरडा केला आणि रचना लवकर संपावी म्हणून मध्येच टाळ्या वाजवल्या. त्या लोकांना अडाणी ठरवणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. सिम्फनीच्या श्रोत्याला शिकवलेले असते की ताण निर्माण होईल, वाढेल आणि सुटेल. त्याची वाट पाहत ऐकायचे. ‘फोर ऑर्गन्स’मध्ये ताण सुटायचे नावच घेत नाही, कारण तिथे पाहायची ती गोष्टच वेगळी आहे: त्या कॉर्डमधला कोणता स्वर आधी सुटला, कोणता मागे राहिला, तिची लांबी वाढत गेली तेव्हा तिचे वजन कसे बदलले. चुकीच्या जागी नजर लावून बसले तर कंटाळा येणारच. मात्र यावरून सगळेच कंटाळवाणे संगीत खोल असते असा निष्कर्ष काढू नये. माझे मत विचाराल तर या शैलीत सुमार काम ढीगभर झाले आहे आणि त्यातले काही या चौघांचेही आहे. विशेषतः ग्लासच्या नंतरच्या चित्रपट-संगीतात तीच वरखाली फिरणारी स्वरमाळ इतकी सवयीने येते की बदलाचा हिशेब सुटतो आणि नुसती वेलबुट्टी उरते. कसोटी साधी आहे: पुढच्या क्षणी काय बदलेल याकडे कान ताणला जातो का? ग्लासच्याच ‘म्युझिक इन ट्वेल्व्ह पार्ट्स’मध्ये तो ताणला जातो, पुष्कळ चित्रपटांच्या पार्श्वसंगीतात जात नाही.

तिसरा आक्षेप माझ्या मांडणीवरच येतो. हे रचनाकार एका जागी थांबले नाहीत. मग कोणाची दोरी कोणाच्या हाती हे कायमचे कसे ठरवणार? हे खरे आहे, आणि मला वाटते त्यांच्या सर्वोत्तम रचना हात बदलताना जन्मल्या. राइशची ‘म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स’ एप्रिल १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये सादर झाली. तीत अकरा कॉर्डचे एक चक्र आहे. सुरुवातीला ते सलग वाजते, मग एकेका कॉर्डवर एकेक छोटी रचना उभी राहते, शेवटी चक्र परत येते. पण त्यात क्लॅरिनेट वाजवणारे आणि गायिका आपला सूर श्वास पुरेल तितकाच धरतात. त्या सुराची लांबी नियमाने ठरलेली नाही, छातीने ठरते. कंडक्टर नसतो, पुढच्या टप्प्यावर जायची खूण व्हायब्राफोनवरून येते. आठ वर्षांपूर्वी प्रक्रियेला सर्वाधिकार देणाऱ्या माणसाने इथे काही अधिकार वादकांच्या श्वासाला दिला आणि काही स्वतःच्या कानाला परत घेतला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली इतकी परिपूर्ण रचना मला दुसरी सांगता येणार नाही. १९८८ च्या ‘डिफरन्ट ट्रेन्स’मध्ये त्याने दोरी आणखी एकाच्या हाती दिली: बोलणाऱ्या माणसांच्या. लहानपणी तो आईवडिलांच्या घटस्फोटानंतर आगगाडीने न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस ये-जा करत असे. त्याच वर्षांत युरोपातल्या ज्यू मुलांना वेगळ्याच गाड्यांत कोंबले जात होते. त्याने आपल्या जुन्या दाईचे, एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याचे आणि नरसंहारातून वाचलेल्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित स्वरूपात घेतले, त्या बोलण्याचे चढउतार आणि लय टिपली, आणि चार तंतुवाद्ये त्या बोलण्यामागे तंतोतंत चालवली. माणूस जसा बोलला तसा वेग बदलतो, सूर बदलतो. ‘क्लॅपिंग म्युझिक’च्या कर्त्याला इथवर यायला सोळा वर्षे लागली.

ग्लासचा हातबदल रंगभूमीवर झाला. दिग्दर्शक रॉबर्ट विल्सनबरोबर केलेला ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ हा सुमारे पाच तासांचा, मध्यंतर नसलेला ऑपेरा १९७६ मध्ये फ्रान्समधल्या आव्हिन्यों इथे झाला. त्यात गायक बहुतांशी अंक आणि स्वरांची नावेच गातात. म्हणजे रचनेचा हिशेबच गाण्याचे शब्द झाला आहे. प्रेक्षकांना हवे तेव्हा उठून जाण्याची आणि परत येण्याची मोकळीक होती. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात तिकिटे संपली, आणि तरी ग्लास पुन्हा टॅक्सी चालवू लागला, कारण डोक्यावर कर्ज होते. १९८० मध्ये रॉटरडॅमला झालेल्या ‘सत्याग्रह’मध्ये चित्र पालटते. विषय गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षे, शब्द भगवद्गीतेतले आणि संस्कृतातच गायलेले; वाद्यवृंदात पितळी वाद्ये आणि ढोल नाहीत. इथे ग्लास गणिताला कथेच्या कामाला जुंपतो. शेवटी गांधीजींची भूमिका करणारा गायक एक सरळ चढती स्वरमाळ पुन्हा पुन्हा गातो, आणि तिच्यातले स्वर आपल्या भैरवी थाटाचे आहेत. पाश्चात्त्य संगीतात त्या स्वरसमूहाला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र इतिहास आहे, म्हणून मैफल भैरवीने संपवण्याच्या आपल्या प्रथेशी त्याची गाठ घालू नये. पण ऐकताना मराठी कानाला जे वाटते ते वाटणारच, आणि त्यात गैर काही नाही. त्या चढत्या ओळीखाली फिरणाऱ्या सुरावटी प्रत्येक फेरीला थोड्या हलतात. ओळ तीच राहते. ‘टू पेजेस’मधले गणित इथे सत्याग्रही माणसाच्या चिकाटीचे चित्र होऊन येते.

एवढे फरक असताना ‘मिनिमल’ हा शब्द ठेवायचा कशाला, असेही कोणी विचारील. चौघांनाही तो फारसा आवडत नव्हता. तरी तो पुरता टाकून देण्याचे कारण मला दिसत नाही. बदल एका वेळी एकाच गोष्टीत व्हावा, आणि जो होईल तो श्रोत्याच्या कानासमोर व्हावा, एवढी अट चौघांनी पाळली. ना बुलेझने पाळली होती, ना केजने. त्याच अटीवर एस्टोनियाच्या आर्व्हो पर्टलाही या घरात जागा मिळते. त्याने १९७६ पासून एक स्वर चालीचा आणि त्याला चिकटलेला दुसरा स्वर एकाच कॉर्डमधला, अशा सक्त नियमाने आपली शांत, प्रार्थनेसारखी रचना केली. न्यूयॉर्कच्या या मंडळींशी त्याचा संबंध नव्हता. शब्द ठेवावा, पण त्याच्या आड चौघांना एकसारखे करू नये.

ज्यांनी हे संगीत ऐकलेले नाही त्यांनी राइशपासून सुरुवात करावी: आधी ‘क्लॅपिंग म्युझिक’, मग ‘म्युझिक फॉर एटीन म्युझिशियन्स’ एका बैठकीत, पूर्ण. मग ‘सत्याग्रह’चा शेवटचा अंक. यंगचे संगीत मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर ऐकू नये; त्यातले जे ऐकायचे तेच तिथे गळून जाते. आणि एक विनंती आपल्याकडच्या वादकांना आणि संगीतशाळांना. ‘इन सी’ला वाद्यांची अट नाही, संख्येची नाही, सगळा मजकूर एका पानाचा आहे. हार्मोनियम, बासरी, व्हायोलिन, सनई, सतार, जलतरंग घेऊन पुण्यात किंवा मिरजेत ती बसवायला काहीच हरकत नाही. चीनमधल्या आणि मालीतल्या वादकांनी ती आपल्या वाद्यांवर आपली करून दाखवली आहे. आपल्या वादकांनी ती जरूर हाती घ्यावी.